टेकूसाठी अर्ज

गॅरडांचं कोठार मार्चमधल्या एका मंगळवारी, सकाळी सव्वादहाला, क्लेमंट गॅरडच्या अंगावर पडलं. पण ते तूर्त सोडा. तसं काही झालंच नाही असं समजा. जिल्हा कार्यालयाच्या नोंदीत ते कोठार अजून उभं आहे, आणि नोंदीपुढे आपलं काय चालणार.

तर जानेवारीत क्लेमंट गुडघ्यांवर बसून लोखंडी टेकू सैल करत होता. उत्तरेकडच्या ओकच्या खांबाला तो त्यानंच आदल्या दिवशी लावला होता. खांब बुडाशी कुजून पावासारखा मऊ झाला होता. वर साडेपाचशे वर्षांचं छप्पर, तुळयांवर सुतारांनी कोरलेले रोमन आकडे, त्यावर कौलांचं ओझं. खाली एकोणीस गाभण मेंढ्या. इंग्लंडमधल्या सफोकच्या त्या गारठ्यात त्यांना दुसरीकडे जागा नव्हती.

जुन्या वास्तूंच्या अधिकारी मिस हॅलम वही धरून उभ्या होत्या.

"लोखंड चालत नाही. लाकडाचा टेकूही परवानगीशिवाय नाही," त्या म्हणाल्या. "अर्ज करा. आठ आठवड्यांत कळवू."

"तोवर थांब म्हणून खांबाला कोण सांगणार?" थर्झानं विचारलं. ती क्लेमंटची थोरली बहीण. दोघंही बिनलग्नाची, शेत दोघांचं.

"साडेपाचशे वर्षं थांबलाय तो, मिस गॅरड."

टेकू निघाला. वर कुठंतरी लाकूड करकरलं. क्लेमंटनं खांबाला खांदा लावला आणि अदबीनं विचारलं, "माणूस टेकला तर चालतं का?"

मिस हॅलमनी नियमांची पानं आधी पुढून मागं उलटली, मग मागून पुढं.

"माणसाबद्दल काही लिहिलेलं नाही," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या कुणी हे हसण्यावारी नेलं असतं आणि गुपचूप एखादा ओंडका लावला असता. क्लेमंटनं जन्मात कधी रांग मोडली नव्हती. परवानगी नाही म्हणजे नाही, आणि मनाई नाही म्हणजे आहे. त्यानं त्याच दिवशी अर्ज धाडला, आणि दुसऱ्या दिवसापासून न्याहारी झाली की तो खांबाला पाठ लावून उभा राहू लागला. चहा तिथंच, चीजचं सँडविचही तिथंच.

"तुझं वजन किती, क्लेम?" थर्झा म्हणाली. "एका ओल्या मेंढीएवढं."

"दीड. कोट घातला की."

"आणि छपराचं?"

"विचारलं नाही. उगाच त्याला वाईट वाटायचं."

"मरशील गाढवा."

"आठच आठवडे, थर्झा. त्यांनी तारीख दिलीय."

तिनं एकदा स्वतःच ओंडका ओढत आणून खांबाला लावला. सकाळी तो सरपणाच्या ढिगात नीट रचलेला सापडला. मग तिनं वाद घालणं सोडलं. पाचव्या आठवड्यापासून तीही विणकाम घेऊन खांबाच्या दुसऱ्या अंगाला टेकू लागली. दोघं मिळून तीन मेंढ्या भरत असतील. कोकरं होत गेली. छप्पर करकरायचं, पण जागचं हलत नव्हतं, आणि तिला हळूहळू वाटू लागलं की हे आपल्यामुळंच.

मुदत सोमवारी संपली. पत्र आलं नाही.

मंगळवारी दहा वाजता पोस्टाची लाल गाडी वळणावर दिसली.

"बघून येते," ती म्हणाली. "एकट्याला जमेल ना?"

"जा की. पळून जातोय का मी?"

पोस्टमननं तिच्या हातात बियाण्यांची यादी ठेवली. आवाज झाला तेव्हा ती फाटकाजवळच होती. मेंढ्या दक्षिणेकडच्या, न पडलेल्या भागात होत्या. त्यांना खरचटलंही नाही.

गुरुवारी तिनं नवा अर्ज मागवून स्वच्छ अक्षरात भरला. 'काम सुरू झाले आहे काय?' यापुढं तिनं 'नाही' लिहिलं. खाली लिहिलं:

"तरी उत्तरेकडील खांबास ओकचा एक टेकू लावण्याची परवानगी मिळावी, ही विनंती. मंजुरीपत्र मुदतीच्या आत, म्हणजे गेल्या सोमवारी, घरपोच यावे. घरी आम्ही दोघेही आहोत."