कौल लागला तेव्हा मनाली बाहेर होती

ऐक गो, नुसतं ऐक, मधी बोलू नको. जोहे गावच्या सखाकाकाच्या पोरीचं, मनालीचं सांगते.

मे महिन्यात जोह्यातलं कोण फिरायला जातं सांग? गणपतीच्या मूर्तींचं काम ऐन भरात, कारखान्यांत पाय ठेवायला जागा नाय. आणि सखाकाका म्हणतो, "चला, कुलदैवताला जाऊन येऊ." का, तर कुंचला धरताना त्याचा हात कापायला लागलाय. कारखाना आता दोन पोरांतल्या एकाला द्यायचा. सहा वर्षं मूर्तींच्या डोळ्यांची आखणी मनालीच करते. पेणचे व्यापारी तिनं आखलेलेच गणपती मागतात. आणि तिचा भाऊ आदर्श? एकदा आखायला बसला, तर बाप्पा भक्तांना सोडून उंदराकडंच बघायला लागले! म्हणून तर तो रोह्याला कंपनीत गेला.

काका मनालीला बोललेला, "कारखाना तुलाच गो. पण देवाचा कौल घेऊ. उद्या भावकीत कुणी तोंड उघडायला नको." मनाली एकदम खूश. रोज ज्याचे डोळे आखते तो देव आपल्याला नाय कसा म्हणेल?

मामाची इको गाडी मागून आणली. रामवाडीला गॅस भरला, वडखळ गेलं, नागोठणं गेलं, पाठ सीटला चिकटलेली, तरी पोरीची बडबड चालूच. गप्प होती ती तिची आई. शकूकाकी, जी एरवी डोक्याचा भुगा करते, ती घावण्यांचा डबा मांडीवर धरून नुसती बसलेली.

रोह्याला आदर्श गाडीत चढला. हातात गादीची वळकटी, शेगडी, बादली.

"अरे, देवाला बादली वाहणार काय?" मनाली हसली.

"त्याच्या खोलीला सफेदी करतायत," काकीच घाईत बोलली. आदर्श खिडकीबाहेर बघत होता.

रोह्याच्या पुढं डोंगरात त्यांचं देऊळ, खडकात कोरलेलं, आत वाकून जावं लागतं. गुरवानं दोन पाकळ्या ओल्या केल्या, देवाच्या उजव्या-डाव्या अंगाला चिकटवायला. "घरची सगळी आत या. देवाला प्रश्न घालतो. उजवी पडली तर व्हय, डावी पडली तर नाय."

मनाली वाकली, आणि काकीनं तिचं मनगट धरलं. "हिला बाहेर बसायचंय. अडचण हाय तिची."

"आई?"

अगो, तिची पाळी होऊन दहा दिवस झालेले! काकीनंच तर तेव्हा तिला देवघरापासनं लांब बसवलेली. पण गुरव, बाप, भाऊ, तिघांनी माना खाली घातलेल्या. पोरगी त्यांच्यासमोर काय बोलणार? बसली चपलांजवळ.

आतून गुरवाचा आवाज आला. "आदर्शच्या हाती कारखाना द्यायचा असंल तर उजवी दे, देवा." तिचं नावच नाय! मग घंटा वाजली. उजवी पडली.

खाली गाडीत ती वळकटी दिसत होती. तेव्हा पोरीच्या डोक्यात शिरलं, आदर्शची रोह्याची खोली तर कौलाच्या आधीच सुटली होती.

काकी पहिली बाहेर आली. मनालीनं विचारलं, "का केलंस गो?"

"कंपनीनं त्याला काढलाय, दोन महिने झाले. तुझ्या बापाला सांगायची हिंमत नाय त्याच्यात. तो कुठं जाईल? तुझं काय, उद्या सासरी जाशील, तिथं कुंचला धरशील."

"मला विचारायचं तरी!"

"विचारलं असतं तर व्हय बोलली असतीस?"

तेवढ्यात काका, आदर्श आणि गुरव बाहेर आले. काकाचं तोंड उतरलेलं. "पोरीचं नाव का नाय घेतलंस?"

"बाहेर बसलेल्याचं नाव घेत नाय आम्ही," गुरव म्हणाला. "पण कुणी उगाच बाहेर राहिलं असंल तर पायरी उतरायच्या आत सांगा, कौल परत लावतो. एकदा उतरलात की झालं."

काकानं वळून बघितलं. "मनाली, खरं सांग बाय. व्हती ना अडचण?"

काकीनं पदराखाली हात जोडले, मनालीला दिसतील असे. नाय म्हणावं तर आई देवाच्या दारात खोटी पडते, आणि हा गुरव भावकीत घरोघर सांगतो. व्हय म्हणावं तर सहा वर्षं गेली, हातातला कुंचला गेला, तेही स्वतःच्याच तोंडानं. सगळे तिच्याकडं बघतायत, बाप पायरीवर थांबलाय.

तू काय बोलली असतीस गो?