सहा कोरे कागद

वच्छलाबाईंच्या कपाटात सहा कोरे कागद होते. कोरे म्हणजे तळाला सही आणि वर पांढरं रान. ऊसतोडीला निघालेल्या पोरी कॉलेजच्या ऑफिसात येऊन अशा सह्या ठेवून जायच्या. "बाई, जो अर्ज लागंल तो तुमीच लिवा." वीस वर्षांच्या कारकुनीत बाईंनी अशा कागदांवर शिष्यवृत्त्या मिळवून दिल्या होत्या.

यंदा दुष्काळानं केजकडची गावं रिकामी केली, तसे वर्गही. त्यात नवा नियम: निकाल साठ टक्क्यांवर गेला तरच पुढचं अनुदान. पटावर नाव असून जी परीक्षेला गैरहजर, ती नापासातच धरायची.

प्राचार्य मोहनराव चहा फुंकत म्हणाले, "ते सह्यांचे कागद हायेत ना? लिहा, 'घरगुती अडचणीमुळे प्रवेश रद्द करावा.' नावं गेली की निकाल वर."

"पोरींना विचारलं का, सर?"

"तुमचा पगार अनुदानातून येतो, बाई. त्याला विचारलं का?"

बाईंनी तोडीच्या टोळीच्या मुकादमाला फोन लावून त्या सहाजणींतल्या मनकर्णाला फोनवर बोलावून घेतलं. तोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. आई आजारी पडली म्हणून बापाचा अर्धा कोयता पुरा करायला ही गेलेली.

"बाई, कावून फोन केलता? तारीख आली का?"

"येशील का गं परीक्षेला?"

"येनार की! मोळ्या बांधता बांधता इतिहास पाठ केलाय. बाप म्हनतो, सनावळ्या नको, मोळ्या मोज." ती हसली. "आमी साऱ्याजणी येनार. मुकादमानं सोडलं तर."

बाईंनी लिहिलं: 'मी ऊसतोडीला गेले आहे. परीक्षेला येणार आहे. माझे नाव कमी करू नये.' तिसऱ्या कागदावर पगार आठवला. उगाच रिफिल बदलली, मग उरलेले लिहिले. सहाही कागदांवर आवकचा शिक्का मारून ते नोंदवहीत चढवले; आता ते बदलता येणार नव्हते.

मोहनरावांनी ते वाचले. "आल्या न्हाईत तर?"

बाईंनी कागद उचलून फायलीला लावले.

परीक्षेच्या सकाळी जीपमधून पाचजणी उतरल्या. उन्हानं काळवंडलेल्या, हाताला चिंध्या बांधलेल्या.

"मनकर्णा कुठंय गं?"

"तिला न्हाई सोडलं, बाई. ती आली तर बापाचा कोयता अर्धा राहतो ना."

बाईंनी यादीत तिच्यापुढं स्वतःच्या हातानं 'गैरहजर' लिहिलं.

"बघा," मोहनराव म्हणाले, "पडली ना नापासात भर?"

"पडली, सर. पण नापासाला ऑक्टोबरात पुन्हा बसता येतं." बाईंनी यादी त्यांच्यापुढं सरकवली. "नाव पटावर हाय तिचं. करा सही."