दादाचा फोन कधी बंद नसतो

आमच्या दादाचा फोन कधी बंद नसतो, असं दादाच सांगतो. तो ऑफिसात कसला तरी प्रमुख आहे. हाताखाली तीन माणसं आणि एक झेरॉक्स मशीन, पण ऐट अशी, की याचा डोळा लागला तर जगाचा गाडा अडेल. फोनवर पाच ईमेल खाती, आणि पाचही अशी लावलेली, की मेल आली रे आली की फोनने ती त्याच क्षणी ओढून आणलीच पाहिजे. येतं काय? बुटांवर सूट, विम्याची आठवण, केस उगवायचं तेल.

वहिनी एकदा म्हणाली, "अहो, मेल तासाने आली तर काय बिघडेल? तुमची बॅटरी दुपारपर्यंतही टिकत नाही."

"तुला नाही कळायचं. जबाबदारीच्या माणसाला सतत जागं राहावं लागतं."

उथळ पाण्याला खळखळाट फार, दुसरं काय!

बाबांच्या घशाचं ऑपरेशन ठरलं. स्वरयंत्रच काढायचं होतं, म्हणजे आवाज कायमचा जाणार. बाबांनी उभी हयात एसटी स्टँडवर माइकसमोर गाड्या पुकारण्यात घालवली होती. ऑपरेशन गुरुवारी. बुधवारी संध्याकाळी भेटीच्या वेळेत आम्ही सगळ्यांनी जायचं आणि बाबांचं बोलणं शेवटचं ऐकायचं, असं ठरलं होतं.

हॉस्पिटलच्या काउंटरवर मी माझा नंबर सांगायला लागले, तर दादाने हात आडवा घातला. "एकच नंबर द्यायचा. दोन दिले की गोंधळ होतो. माझा फोन कधी बंद नसतो." हरवेल म्हणून बाबांचा फोनही याने घरी आणून ठेवला. शहाणपणा नुसता उतू चालला होता.

बुधवारी सर्जनना अचानक परगावी जायचं निघालं आणि ऑपरेशन त्याच दुपारवर आलं. तेव्हा आमचे साहेब हाताखालची माणसं घेऊन एका कारखान्यात मीटिंगला बसले होते. फोन बूट आणि तेल ओढून ओढून मेला होता. त्या खोलीत चार्जर ढिगाने होते. पण हाताखालच्या माणसाकडे चार्जर मागायचा म्हणजे साहेबाचं नाक कापलं जातं ना!

संध्याकाळी आम्ही वॉर्डात गेलो तर खाट रिकामी. सिस्टर म्हणाली, "आजोबांचं ऑपरेशन नीट झालं. आत आहेत, शुद्धीवर यायचेत. तुम्हाला किती फोन लावले!"

दादा पुटपुटला, "बॅटरी जरा... ऑफिसच्या मेल..."

मला त्याची किळस आली.

"आजोबा ऐकेचनात," सिस्टर सांगत होती. "मी म्हटलं, मुलाचा फोन बंद आहे, पलीकडे कुणी नाही. तर म्हणाले, असू दे, माझ्या कानाला लाव. मग त्याच बंद फोनवर बोलत बसले. स्ट्रेचर येईपर्यंत."

वहिनी रडायला लागली. मी विचारलं, "काय बोलले?"

सिस्टर ओशाळली. "घरच्यांशी बोलतायत म्हणून मी बाजूला जाऊन उभी राहिले हो. दुसऱ्याचं बोलणं कसं ऐकायचं?"