बारा टेबलं आणि तीन घोट

ही गोष्ट मुरुमच्या बाजारात आजवर कुणाला पटलेली नाही, आणि तुम्हालाही पटायची नाही. पटलीच, तर सांगणाऱ्याचं कुठंतरी चुकलं असं समजा.

शहाऐंशीचा दुष्काळ. विहिरी तळाला गेल्या होत्या, पण सहकारी संस्थेच्या द्राक्षबागा घडांनी वाकलेल्या. त्यातली एक बाग गुंडाप्पाची. त्याच्या बायकोनं, शिवकांतानं, बैलगाडीवर पिंपं घालून पाणी आणून ती जगवली होती. आता माल पिकला आणि गिऱ्हाईक फिरकेना. घड वेलीवरच नासायची वेळ आली, तेव्हा चेअरमन नानासाहेबांनी, कुठून कोण जाणे, थेट फ्रान्सचे शँपेनवाले गाठले. शँपेन म्हणजे द्राक्षाची फसफसणारी दारू. बारा कारखानदार आले, संस्थेच्या खताच्या गोदामात टेबलं मांडून बसले. ठरलं असं, की ज्याची शँपेन संस्थेला पसंत पडेल त्यानं गावची सगळी द्राक्षं उचलायची.

पण चाखणार कोण? संचालकांत निम्मे माळकरी, निम्मे गळ्यात लिंग बांधलेले. सगळ्यांच्या नजरा गुंडाप्पावर गेल्या. गुंडाप्पा बैलांचा दलाल. तोही दारूला न शिवणारा, पण पारखी म्हणून तालुक्यात नाव.

"शेपटी बघून बैलाची खोड सांगतोस," नानासाहेब म्हणाले. "बाटली काय लाथ मारती व्हय?"

शिवकांता पदर खोचून पुढं आली. "तीन घोट. गावासाठी म्हणून. चौथा घेतला तर माझ्या चुलीपाशी यायचं न्हाई."

तीन घोट आणि टेबलं बारा. बैल असता तर चालवून बघितला असता, दात बघितले असते. बाटल्या सगळ्या सारख्याच ढेरपोट्या. मग गुंडाप्पानं माणसं बघायला सुरुवात केली. एक साहेब लई हसत होता. बाजारात जो लई हसतो त्याचा बैल नांगराला बसतो, त्याला सोडलं. दुसरा घटकेघटकेला घड्याळ बघायचा; हा अर्धी बाग तोडून पळायचा. तिसऱ्याच्या बुटाला माती लागलेली दिसली. हा बागेत हिंडणारा असणार, म्हणून गुंडाप्पानं तिथं पहिला घोट घेतला.

चिंचेच्या पाण्यात सोडा. त्यानं दाराकडं बघितलं. बागवाले एकमेकांच्या खांद्यावरून त्याचं तोंड न्याहाळत होते. त्याला गोड म्हणवेना, आंबट म्हणायची छाती होईना.

दुसरा घोट भेगाळलेल्या हातांच्या एका म्हाताऱ्याकडं घेतला. बुडबुडे नाकात चढले आणि अशी शिंक आली की सगळा घोट नानासाहेबांच्या पांढऱ्या सदऱ्यावर.

"ह्यो धरायचा न्हाई," गुंडाप्पा कळवळून म्हणाला. "पोटात गेलाच न्हाई."

"तोंडात गेला न्हवं? मोजला," शिवकांता म्हणाली.

इथं ओट्यावर शेंगा फोडत गोष्ट ऐकत बसलेल्या रुद्रम्मानं विचारलं, "आन् नानासाहेब काय म्हनले?"

सदरा पुसत राहिले.

उरला एक घोट. हाही वाया गेला तर शिवकांताला तोंड कसं दाखवायचं? तेवढ्यात कोपऱ्यातल्या एका लांबुडक्या साहेबानं बाटलीच्या गळ्यावर पांढरा रुमाल टाकला आणि त्याखाली हात घातला.

गुंडाप्पाचा जीव भांड्यात पडला. हा तर आपल्याच धंद्यातला! बैलबाजारात भाव तोंडानं ठरतच नाही. रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबायची, की सौदा. गुंडाप्पानं जाऊन सरळ रुमालाखाली हात घातला.

साहेब दचकला. त्यानं गुंडाप्पाची दोन बोटं ढकलली. गुंडाप्पाला वाटलं, भाव पाडतोय. त्यानं चार दाबली. साहेबानं अंगठा धरून हात ओढला. गुंडाप्पानं पंजाच आवळला. दोघंही घामाघूम, पण अवाक्षर नाही. आणि रुमालाखाली धडाडकन बार झाला. बूच पत्रा फोडून गेलं, साहेबानं दोन्ही हात वर केले.

"सौदा झाला," गुंडाप्पा म्हणाला. तिसरा घोट तसाच शिल्लक.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मुरुमपासून उमरग्यापर्यंत लॉऱ्यांची रांग. बागेत एक मणी उरला नाही. सगळी द्राक्षं फ्रान्सला गेली, आणि आजही तिकडं लग्नात जी बाटली फोडतात तिच्यात...

"थांबा, मामा," रुद्रम्मा म्हणाली. तिनं टरफलं झटकली. "खोटं हाय हे. एकबी लॉरी आली न्हाई. गुंडाप्पाची द्राक्षं आमच्याच माळवदावर वाळत घातली व्हती. म्या आन् शिवकांताक्कानं बसून देठं खुडली, अन् दोन वर्सं गावातली पोरं मनुकंच खात व्हती."