बाणाची दिशा

वरच्या मजल्यावरच्या नळाला गरम पाणी यायचं, पण नको झालेल्या नातेवाइकाच्या घरी जावं तसं, अगदी रेंगाळत. तोवर अर्धी बादली गार पाणी वाहून जायचं. सासऱ्यांनी उभा जन्म लोकांच्या टाक्यांना पंप बसवण्यात घालवला, पण घरच्या टाकीकडे बघायला सवड झाली नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

आता काम मुलाच्या हाती गेलं होतं, आणि सवडच सवड होती. आठवडाभर खपून त्यांनी परतीचा पाइप वरून खाली गरम पाण्याच्या टाकीपर्यंत आणला होता. वरच्या नळाशी नुसतंच गार होत बसणारं पाणी त्या पाइपातून फिरून टाकीत येणार होतं, आणि त्याला ढकलायला आज तिथं पंप बसायचा होता.

सून पालथ्या बादलीवर बसून बॅटरी धरत होती. नुसती बॅटरीच नाही. सकाळी नवऱ्यानं तिला बाजूला घेतलं होतं.

"बाबांच्या कामाकडे नीट लक्ष दे. उद्या मास्तरीणबाईंकडे असाच पंप बसवायचाय, आणि त्यांना बाबाच हवेत. पाठवायचं, की आता पुरे म्हणायचं, ते तू सांगशील तसं ठरवतो."

"म्हणजे मी हेर?"

"हेर कसली, सून आहेस."

"ते एकच झालं."

सासऱ्यांचे हात थरथरत होते खरे, पण पान्याला लागले की शहाण्या मुलासारखे गप्प व्हायचे. "उजेड पाइपवर पाड," ते म्हणाले. "माझं नाक मला सापडतं."

वॉशर बसले, नट आवळले गेले. पंपाच्या अंगावर एक बाण होता. पाणी जाईल तिकडे बाण, हे तिनं जेवताना इतक्यांदा ऐकलं होतं, की झोपेतही सांगितलं असतं. बाणाचं तोंड टाकीकडे हवं होतं. ते वर होतं.

तिनं पुन्हा बघितलं. वरच.

गप्प बसावं, तर उद्या परक्या घरी फजिती. बोलावं, तर "बाबा, चुकलं" हे शब्द पोराच्या तोंडून ऐकले की म्हातारा हल्ली जेवण टाकून उठायचा.

"बाबा, मला एकदा समजावून सांगा ना. पाणी जातं कुठून नि येतं कुठून?"

ते खुलले. बोट पँटला पुसून म्हणाले, "हे बघ. टाकीतून निघालं, वर गेलं. नळ बंद. मग इकडून खाली आलं, आणि इथून..."

बोट पंपावर आलं आणि तिथंच राहिलं.

"कधी दिसलं तुला?"

"आत्ताच."

"खोटं बोलताना तुझा उजेड हलतो." मग हळूच, "त्यानं बसवलंय ना तुला इथं?"

तिनं होकाराची मान हलवली. ते रागावले नाहीत, आणि तेच तिला जास्त लागलं.

"पाना दे. तो नव्हे, थोरला."

पंप सोडवून त्यांनी फिरवून बसवला. घाई केली नाही, एक थेंब गळू दिला नाही. हवा काढून बटण दाबलं. थोड्या वेळानं तिनं वर जाऊन नळ सोडला आणि चटका बसून हात मागे घेतला. एरवी आनंदानं ओरडली असती. पण संध्याकाळ यायची होती.

नवरा आला, वर हात धुऊन खूश होऊन उतरला आणि तिच्याकडे बघू लागला. दुपारपासून ती एक वाक्य जुळवत होती. ते एक तर खोटं निघायचं, नाही तर दुष्ट.

"उलटा बसवला होता मी," सासरेच बोलले. "हिनं पकडलं."

नवऱ्यानं समोरचा चहाचा कप उचलला. "मग उद्या..."

"उद्या जाणार. पण एकटा नाही. हिला नेतो."

"हिला? हिला पान्यांचे नंबर तरी कळतात का?"

"तुला कळत होते? सुरुवातीला माझ्यामागून नुसता चहा पीत फिरायचास."

"मला कुणी विचारलं का?" ती म्हणाली.

दोघं तिच्याकडे बघायला लागले. सासऱ्यांनी घसा साफ केला. या घरात ते सांगायचे, विचारायची सवय नव्हती.

"येशील?"

"येईन. पण घरी आल्यावर मला कुणी काही विचारायचं नाही. काय झालं ते बाबाच सांगतील."

नवऱ्यानं चहा एका घोटात संपवला. मग बापाकडे न बघताच म्हणाला, "लवकर निघा. मास्तरीणबाईंना उशीर खपत नाही."