चिंधाच्या नावचे गहू

प्रेमराजनं विम्याच्या हप्त्याचं रडगाणं गायलं नसतं, तर त्या सकाळी कदाचित काहीच झालं नसतं. रत्नानं पंधरा महिने दातओठ आवळून काढले होते, आणखी पंधराही काढले असते. पण काही माणसांना गप्प बसणं जमतच नाही, आणि प्रेमराज त्यातला पहिल्या नंबरचा.

श्रावणातला शनिवार होता. दुसऱ्या दिवशी कानबाई बसायची होती. पारोळ्याच्या अलीकडच्या त्या गावात रत्नाच्या नवऱ्याचं, नवलचं, घर थोरलं, म्हणून देवी तिथेच बसे आणि सगळी भाऊबंदकी तिथेच गोळा होई. प्रेमराज हा नवलचा धाकटा भाऊ. धुळ्याला देवपुरात त्याचं खत-बियाण्यांचं दुकान होतं, आणि दुकानापेक्षा त्याचं तोंड मोठं होतं. बायको किरण आणि मुलगा हितेंद्र यांना घेऊन तो नव्याकोऱ्या गाडीतून आला. गाडी हितेंद्र चालवत होता. पोरगा आता अठराचा झाला होता आणि त्याच्याकडे लायसनही होतं. आता होतं. रत्नानं दारातून ते पाहिलं, आणि हातातला पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे न करता आतल्या चुलीजवळ नेऊन ठेवला.

ओसरीवर बशीतला चहा फुंकत प्रेमराज सुरू झाला.

"गाडी लेनं सोपं शे भाऊ, इमा भरनं कठीन. मागली गाडीना दुरुस्तीखर्च कंपनीकडथून लिन्हा, तं मना बोनस गया. या गाडीना हप्ता पाहा केवढा वाढी गया. एक अपघात काय व्हयना, मना मांगे शनीच लागी गया."

भाऊबंदांनी माना हलवल्या. काहींनी तर च्‌च्‌ही केलं. आत सुपात गहू पाखडणारी रत्ना थांबली. तो 'एक अपघात' म्हणजे तिचा कुंदन होता.

गेल्या वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळे असेच जमले होते. जेवणं झाली, आमरस संपला, आणि कोणाला तरी बर्फाची हुक्की आली. फाट्यावरून बर्फ आणायला हितेंद्र निघाला. प्रेमराजचा ड्रायव्हर चिंधा शेजारच्या सीटवर आणि स्टेअरिंगवर हितेंद्र, ज्याला सतरा पुरी नव्हती. बाप पायरीवर उभा राहून लोकांना कौतुकानं सांगत होता की चौदाव्या वर्षापासून पोरगा हायवेला गाडी काढतो. रत्ना दारातच होती. "हितू, हळू चालाड रे भो," असं तिनं म्हटलंही होतं. फाट्याच्या वळणावर कुंदन मोटरसायकलवरून घरी येत होता. हितेंद्रनं गाडी उलट्या बाजूला घातली. धुळ्याचं हॉस्पिटल यायच्या आत कुंदन गेला. एकुलता एक होता, एकविसाव्या वर्षी गेला.

आणि पोलिसांच्या कागदावर गाडी चालवणारा निघाला चिंधा.

असं का, हे कळायला रत्नाला वकील लागला नाही, पुरुषांची कुजबुज पुरली. लायसनवाला माणूस चालवत असेल तर विमा कंपनी फार खळखळ न करता भरपाई देते. बिनलायसनचं पोरगं असेल तर कंपनी झगडते, शेवटी सगळं मालकाच्या बोकांडी बसतं, आणि पोराच्या हाती गाडी दिली म्हणून बापाला तुरुंगाची हवाही खावी लागते. म्हणून चिंधा. 'मी चिंधाला चालवताना पाहिलं,' असा जबाब कोणी दिला? मेलेल्या पोराच्या बापानं, नवलनं. त्यावर संशय कोण घेणार? रत्नाला मात्र कोणी काही विचारलं नाही. बाईमाणसाला कशाला ठाण्याची पायरी, असं म्हणून तिला घरात बसवलं.

"मी काय करू?" तेराव्यानंतर नवल तिला म्हणाला होता. "प्रेमराजनी पाय धरात. मायनी पदर पसरा. मना इलाज चालना नही."

रत्नानं ते खरं मानलं. नवल मऊ माणूस, धाकट्यापुढे आयुष्यभर नमतं घेत आलेला. तिचा सगळा राग धुळ्याच्या दिशेनं वळला आणि तिथेच तो रुतून बसला. लोकअदालतीत भरपाई मिळाली, नवलनं त्यातून घरावर स्लॅब टाकला. रत्ना त्या स्लॅबखाली एकदाही झोपली नाही. थंडीतसुद्धा ओसरीवर गोधडी टाकून पडायची. चिंधाचं लायसन गेलं, खटला मागे लागला, आणि 'बिनलायसनचा ड्रायव्हर काय कामाचा' म्हणून प्रेमराजनं त्याला चार महिन्यांत कामावरून काढलंही. पारोळ्याच्या बाजारात तो हमाली करताना रत्नाला दिसायचा. तो मान खाली घालायचा, तीही घालायची.

तिला न्याय हवा होता, असं म्हटलं तर ऐकायला बरं वाटेल. पण खरं सांगायचं तर तिला सूड हवा होता. गाडी माझा पोरगा चालवत होता, हे वाक्य तिला प्रेमराजच्या तोंडून सगळ्या भाऊबंदांसमोर ऐकायचं होतं, आणि ते म्हणताना त्याचं तोंड कसं होतं ते डोळे भरून पाहायचं होतं. कसं, ते तिला सुचत नव्हतं. आता हप्त्याचं ऐकलं आणि सुचलं.

"चला वं, गहू मोजाना टाइम व्हयना," सासूनं, भागाबाईनं, आवाज दिला.

कानबाईच्या रोटाचे गहू मोजायची त्या घराण्यात एक रीत होती. घराण्यातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ. नाव मोठ्यानं घ्यायचं आणि मूठ परातीत टाकायची. थोरल्यापासून सुरुवात, पाळण्यातल्या पोरापर्यंत. ते गहू दळायचे, त्याचे रोट करायचे, आणि ते फक्त भाऊबंदांनी खायचे. बाहेरच्याला त्यातला घासही द्यायचा नाही. मोजायचा मान थोरल्या सुनेचा. जो मेला त्याचं नाव गळतं. जिवंत माणसाचं नाव गाळलेलं कोणी कधी ऐकलं नव्हतं. गेल्या श्रावणात वर्षभराच्या दुखवट्यामुळे कानबाई बसलीच नव्हती, म्हणजे कुंदनशिवायचं हे पहिलं मोजणं.

रत्ना पाटावर बसली. समोर परात, बाजूला गव्हाचं सूप. बाया भिंतीला टेकून, पुरुष दारात आणि ओसरीवर.

"नवल," ती म्हणाली आणि मूठ टाकली. मग वरची पाव मूठ. "प्रेमराज." मग चुलत घरांकडे वळून "अभिमन. कौतिक." तिचा आवाज अगदी सरळ होता. पोरांत पूर्वी पहिलं कुठलं नाव यायचं ते सगळ्यांना आठवत होतं, त्यामुळे कोणी कोणाकडे पाहत नव्हतं. पोरांची नावं आली. अभिमनच्या नातवाचं नाव झालं, कौतिकच्या दोन्ही पोरांचं झालं. मग रत्नानं मूठ भरली आणि म्हणाली, "चिंधा."

मूठ परातीत पडली. पाव मूठही पडली. रत्नानं हात झटकले आणि सूप बाजूला सारलं.

"रत्ना, हितूनं नाव ऱ्हायनं," भागाबाई म्हणाली. म्हातारीला वाटलं, सून विसरली.

"ऱ्हायनं नही, आत्याबाई. त्यानी मूठ चिंधाले दिन्ही. उद्या त्याले रोट खावाले बलावसू."

ओसरीवरचा प्रेमराज बशी ठेवून आत आला. त्याला आधी हसूच आलं. "चिंधा? तो आपला भाऊबंदमा कधी वना, वैनी?"

"तुमीच लयनात त्याले," रत्ना म्हणाली. ती उठलीसुद्धा नाही. "त्या दिन गाडीमा हितू बसना, मी मना डोयानी देखं. तुमी लिखी दिन्हं, तो चिंधा व्हता. तुमी शिकेल माणसं, तुमनंच खरं व्हई. मंग मी ज्याले आजलोंग हितू म्हनू, तो चिंधाच शे. त्यानी मूठ त्यालेच जाई."

दारातले दोघे-तिघे उगाच बाहेर आभाळाकडे पाहू लागले. हितेंद्र ओसरीच्या खांबापाशी मोबाईल घेऊन उभा होता. त्याचा अंगठा थांबला.

"भाऊ, तुन्ही बायकोले समजाड," प्रेमराज नवलला म्हणाला. नवल जमिनीकडे पाहत राहिला. मग प्रेमराज चढला. "ऱ्हाऊ दे. नको मोजू. चार मूठ गहूनी काय मना पोऱ्या मरी जाई का?"

हे तो बोलला आणि त्याची बायको उभी राहिली. किरण धुळ्यात वाढलेली, बी. कॉम. झालेली, एरवी गावातल्या रीतींना नाक मुरडणारी. पण पोराचं नाव कानबाईच्या परातीतून गळलेलं पाहणं आणि नाक मुरडणं या दोन वेगळ्या गोष्टी असतात.

"वहिनी, देवीच्या कामात असं करू नका," ती म्हणाली. "जे काय आहे ते आमच्यावर काढा. पोराचं नाव घ्या."

"लेस. गाडी कोन चालाडी ऱ्हायंता ते यासले सांगू दे."

"अहो, सांगा ना." किरण नवऱ्याकडे वळली. "इथे घरचेच आहेत सगळे. सगळ्यांना माहीत आहे. सांगून टाका."

प्रेमराजनं आईकडे पाहिलं. आजवर आईनं पदर पसरला की प्रश्न सुटायचा. भागाबाई मात्र परातीकडे बघत होती, आणि तिचे ओठ हलत होते. ती हितेंद्रचं नाव पुटपुटत होती, जणू तिनं घेतलं तर चालून जाईल. प्रेमराजच्या कपाळावर घाम आला. रत्ना ते सगळं पाहत होती. तिला बरं वाटत होतं. पंधरा महिन्यांत पहिल्यांदा जेवावंसं वाटलं, इतकं बरं वाटत होतं.

"हितू चालाडी ऱ्हायंता," तो म्हणाला.

"मोठ्यानं म्हना, भाऊ. मांगलासले ऐकू नही वनं."

"मना हितू चालाडी ऱ्हायंता. चिंधा नही. हितू."

खांबापाशी हितेंद्र खाली बसला आणि त्यानं तोंड गुडघ्यात घातलं. किरण त्याच्याकडे धावली. रत्नानं सूप पुढे ओढलं, मूठ भरली, पण टाकली नाही.

"आते हाईच सोमवारे पोलिसले सांगा. कानबाई बोळवाई गई का निंघा. मी येस संगे."

"पोलिसले?" प्रेमराज म्हणाला. "वैनी, मी जेलमा जासू. कंपनी बठ्ठा पैसा मनाकडथून वसूल करी. मनं दुकान जाई."

"जाऊ द्या."

तिनं हे इतक्या शांतपणे म्हटलं की प्रेमराजला कळलं, आता पाय धरूनही उपयोग नाही. माणूस कोपऱ्यात सापडला की जे हाताला लागेल ते फेकतो. प्रेमराजच्या हाताला लागला त्याचा भाऊ.

"सांगसू," तो म्हणाला. "पोलिसलेबी सांगसू. पन मंग बठ्ठंच सांगसू. चिंधानं नाव मी नही काढं, वैनी. मी तं हितूना हात धरीसन दवाखानामाथून ठाण्याकडे निंघनू व्हतू. माले वाटनं, जे व्हई ते व्हई, मना पुतण्या गया. नवलभाऊनी माले जिनामा अडावं. म्हने, पोऱ्यानं नाव सांगशी तं कंपनी हात वर करी. मना तं गया, आते म्हतारपन तरी नीट जाऊ दे. चिंधाले लायसन शे, त्यानं नाव सांग."

कुंदनचं पोस्टमॉर्टम तेव्हा व्हायचं होतं. रत्ना खाली फरशीवर बसली होती, दोन बाया तिला धरून होत्या, आणि जिन्यात नवल विम्याचा हिशेब करत होता.

"खोटं शे म्हना," रत्ना नवऱ्याला म्हणाली.

नवलनं वर पाहिलं. त्याचे डोळे भरले होते. तेवढं तरी खरं होतं.

"आपलाले मांगे कोन व्हतं, रत्ना?" तो म्हणाला. "पोऱ्या गया. हातपाय थकी गयात तं कोन पाही? मी तुनासाठी करं."

भागाबाईनं डोक्यावरचा पदर तोंडापर्यंत ओढला. रत्नाला आठवलं, प्रेमराजनं पाय धरल्याची आणि आईनं पदर पसरल्याची गोष्ट नवलनं तिला किती बारकाईनं सांगितली होती, आणि तिनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला होता. पंधरा महिने ती भलत्याच माणसाला शिव्याशाप देत होती. निदान अर्धे तरी भलत्याला. तिला त्या क्षणी नवलचा जेवढा राग आला, तेवढा प्रेमराजचा कधीच आला नव्हता. प्रेमराजनं आपलं पोरगं वाचवलं होतं. नवलनं तिचं विकलं होतं.

मुठीतले गहू तिनं सुपात टाकले. मग परात उचलून त्यातले मोजलेले सगळे गहूही सुपात ओतले.

"मोजनं चुकनं," ती भागाबाईला म्हणाली. "पयल्याथून मोजस."

तिनं परात पदरानं पुसली आणि पुन्हा समोर मांडली. रीतीप्रमाणे पहिलं नाव थोरल्याचं. नवल सवयीनं एक पाऊल पुढे सरकला आणि त्यानं हात जोडले.

रत्नानं मूठ भरली, त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "प्रेमराज."