बाईंचा चौविहार आणि दम्याची गोळी

जुन्नरच्या बाजारपेठेत सूर्य दोनदा मावळतो. एकदा शिवनेरीच्या आड जातो तेव्हा आणि एकदा पंचांगात लिहिलेलं असतं तेव्हा. भंवरीबाई पहिला सूर्यास्त मानायच्या. किल्ल्यामागे ऊन गेलं की ताट बंद, पाणी बंद, औषधसुद्धा बंद, ते थेट सकाळपर्यंत. लग्न होऊन या घरात आल्यापासूनचा हा चौविहार त्यांनी बाळंतपणातही मोडला नव्हता. घरात सगळे त्यांना बाईच म्हणत, आणि बाईंच्या व्रताशी हुज्जत घालायची कोणाची टाप नव्हती.

आता मात्र तशी वेळ आली. बाईंना दमा जुनाच, पण हल्ली दिवेलागण झाली की त्यांचे हात थरथरायचे आणि छाती अशी धडधडायची की पदरसुद्धा हललेला दिसायचा. मुलगा पारस घाबरला. सकाळी दवाखान्यात कार्डिओग्राम काढला, तर तो स्वच्छ. डॉक्टर म्हणाले, एकदा पुण्याला दाखवून घ्या. हृदयाचं दुखणं निघालं तर रात्रीच्या गोळ्या घ्याव्याच लागतील, तेव्हा चौविहार सोडायची तयारी ठेव, असं पारसनं आईला बजावलं. बाई त्या दिवशी दोन घास कमी जेवल्या.

पारसची बायको हर्षा घरचं मेडिकलचं दुकान चालवायची. मंचरची लेक, फार्मसी शिकलेली, आणि नको तिथं नाक खुपसायची लहानपणापासूनची खोड. खरंच हृदय बिघडलं असेल तर ते सकाळी शहाण्यासारखं आणि संध्याकाळी वेड्यासारखं का वागतं, हे तिच्या डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी ऊन कलताच ती दुकान पारसवर सोपवून घरी आली आणि मूग निवडायचं निमित्त काढून सासूजवळ बसली.

ऊन किल्ल्याच्या कड्याला टेकलं. बाईंनी डबीतून दम्याच्या तीन गोळ्या काढल्या आणि एकदमच पाण्याबरोबर घेतल्या.

हर्षाच्या हातातले मूग तसेच राहिले. तीन कशाला, तिनं विचारलं.

"एक आत्ताची, एक रातची, एक पहाटंची," बाई म्हणाल्या. "रातची रातीला कशी घेणार? बुडवायची तरी कशी?"

हर्षाला हसूही आलं आणि स्वतःचा संतापही. हल्लीच ही गोळी सुरू झाली तेव्हा पाकिटावर 'संध्याकाळी, रात्री, पहाटे' असं तिनंच लिहून दिलं होतं, तेही सूर्यास्तानंतर पाणी न पिणाऱ्या बाईला. शिकलेल्या माणसाचं डोकं कधी कधी चुलीत घालायच्या लायकीचं असतं. तिनं लगेच डॉक्टरांना फोन लावला आणि ते सांगतील तशी बाईंची नाडी बघत धडधड ओसरेपर्यंत जवळ बसून राहिली.

गोळ्या बंद झाल्या आणि धडधडही गेली. डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळ ओढायचा एक पंप दिला. पण बाईही काही कमी चौकस नव्हत्या. पंप हातात घेण्याआधी त्यांनी हर्षाला समोर बसवलं. औषध श्वासाचं होतं, तर ते काळजाकडं कशाला गेलं, हे त्यांना आधी कळायला हवं होतं.

हर्षानं सांगितलं, की उसात बिबट्या दिसला की अंगात एक रस सुटतो. त्यानं छाती धडधडते, हात कापतात आणि श्वासाची वाट मोकळी होते. ही गोळी त्या रसाचीच चुलत बहीण. एक गोळी श्वासनळीचे स्नायू सैल करते. तीन एकदम पोटात गेल्या की रक्तातून हृदयाच्या आणि हाताच्या पेशींनाही जाऊन भिडतात. शिवाय गोळीचं औषध पेशीला शिवतं आणि लवकर वाहून जातं. पंपातलं औषध तसं नाही. ते थोडंसंच, थेट छातीत जातं. पेशीला तेलकट पापुद्रा असतो, त्यात ते मुरून बसतं आणि रात्रभर थोडं थोडं पाझरतं.

बाई विचारात पडल्या. "म्हंजी माझ्या पेशी रातभर औषध घेत ऱ्हाणार," त्या हळूच म्हणाल्या. "मग माझा चौविहार कुठं ऱ्हायला?"

दारात उभा असलेला पारस बायकोला खुणा करू लागला, नाही म्हण, नाही म्हण. हर्षालाही ते सोपं वाटलं. पण ज्या बाईनं एवढं नीट विचारलं, तिला फसवायला तिची जीभ वळेना.

"घेणार बाई, रात्रभर घेणार," ती म्हणाली. "पण तुमची संध्याकाळची डाळही रात्रभर जिरतच असते ना? व्रत तोंडाला असतं. पोटाला कुठं कोण थांबवतं?"

बाई किल्ल्याकडे बघत राहिल्या. ऊन अजून कड्यावर होतं. त्यांनी पंप ओढला, खळखळून चूळ भरली आणि खाटेवर टेकल्या.

हर्षानं दुसरा, निळा पंप उशीशी ठेवला. रात्री दम कोंडलाच तर हा ओढायचा आणि तेव्हा व्रत बघायचं नाही, हे तिनं जरा दरडावूनच सांगितलं. आता बाई चिडणार, असं पारसला वाटलं.

"हर्षा, मी रातीची झोपतच न्हवते," बाई म्हणाल्या. "दम कोंडला तर औषध मागंन का व्रत धरून मरंन, ह्येच मला ठावं न्हवतं. त्याचंच लई भ्या वाटायचं."

"आणि आता?" हर्षानं विचारलं.

"आता मागंन."

हर्षाला एकदम रडू फुटलं. बाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, निळा पंप जवळ ओढून घेतला आणि भिंतीकडे कूस वळवून डोळे मिटले.